मजुरीवाढीचा भार आणि वस्तूची किंमत : ऊसतोडीच्या करारांचा विचार

संघटित कामगारांनी मजुरी वाढवून घेतली की त्यांच्या हातून तयार होणारी वस्तू महाग होते, हा समज सर्वत्र रूढ आहे. मोटार कारखान्यातील वेतनकराराची वार्ता आली की मोटारींच्या किमती चढणार, असे भाकीत लगेच केले जाते. ऊसतोड कामगारांनी कोयता बंद ठेवला की साखर कडाडणार, असे बोलले जाते. या समजात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु त्यात एक पायरी गाळली गेलेली असते. करविषयक विवेचनात कर प्रथम कोणाकडून वसूल होतो आणि अखेर कोणाच्या खिशातून जातो, या दोन प्रश्नांत काटेकोर भेद केला जातो. मजुरीवाढीबाबतही तोच भेद करावयास हवा. वाढीव रक्कम प्रथम मालक देतो. परंतु ती ग्राहकाकडे पुढे सरकेल, मालकाच्या नफ्यातून जाईल, की कच्चा माल पुरविणाऱ्याकडे मागे ढकलली जाईल, हे वाढीच्या आकारावरून ठरत नाही. ते त्या व्यवसायातील किंमत कोण ठरवितो आणि वजावट करण्याची सोय कोणाच्या हाती आहे, यावरून ठरते.

या दृष्टीने बीड जिल्ह्याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. या जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव केदारेश्वराचे प्राचीन मंदिर व किल्ला यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हा सारा टापू निराळ्या कारणाने महत्त्वाचा वाटावा. बालाघाटाच्या हलक्या जमिनीवर खरिपाचे पीक निघाले की दिवाळीच्या सुमारास येथील टोळ्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. राज्यात ऊसतोडीसाठी सर्वाधिक मनुष्यबळ पुरविणारा जिल्हा म्हणून बीडची ओळख आहे. पण याच जिल्ह्यात माजलगावच्या धरणाखाली आणि विहिरींच्या बागायतीत ऊसही उभा असतो, आणि अंबाजोगाई-परळीच्या परिसरात साखर कारखानेही उभे राहिले आहेत. मजुरी घेणारा आणि, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, ती मजुरी अंतिमतः देणारा, असे दोघेही येथे एकाच जिल्ह्यात, कित्येकदा एकाच भावकीत आढळतात.

१. मोटारींच्या किमतीचे दोन दाखले

ऊसतोडीकडे वळण्यापूर्वी मोटार उद्योगातील दोन दाखले पाहणे उपयुक्त ठरेल. कारण त्यांत किंमत ठरण्याच्या दोन भिन्न पद्धती दिसतात.

पहिला दाखला अमेरिकेतील आहे. तेथील मोटार कामगार संघटनेने १५ सप्टेंबर २०२३ रोजी फोर्ड, जनरल मोटर्स व स्टेलँटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप सुरू केला. त्यानंतर झालेल्या करारांनी एप्रिल २०२८ पर्यंतच्या मुदतीत मूळ वेतनात २५ टक्के वाढ मान्य झाली. ही वाढ मोठी होती. तथापि या करारामुळे दर मोटारीमागे मजुरीचा खर्च ८५० ते ९०० डॉलरने वाढेल, असा अंदाज फोर्डने दिला; जनरल मोटर्सने कराराच्या मुदतीतील सरासरी वाढ सुमारे ५७५ डॉलर सांगितली. त्या वेळी अमेरिकेत नव्या मोटारीची सरासरी किंमत ४८,००० डॉलरच्या आसपास होती. म्हणजे सर्व वाढ ग्राहकावर टाकली असती तरी किंमत दोन टक्क्यांहून कमी वाढली असती. शिवाय ती सर्व टाकणे सोपे नव्हते. कारण त्याच बाजारात संघटनेच्या कक्षेबाहेरील टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांसारखे उत्पादक स्पर्धेस उभे होते. अशा बाजारात वाढीचा काही अंश ग्राहक देतो, काही भागधारक देतो आणि काही अंश कामाच्या फेरमांडणीतून भरून काढला जातो.

दुसरा दाखला मुंबईशी निगडित आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर १९६९ मध्ये उद्योग (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ अन्वये देशात तयार होणाऱ्या मोटारींच्या विक्रीच्या किमती ठरवून दिल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड या गाड्या त्या आदेशाखाली आल्या. उत्पादकांनी त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. खर्चाची छाननी करण्यासाठी चौकशी आयोग बसला. आणि नोव्हेंबर १९७१ च्या निर्णयात गुंतविलेल्या भांडवलावर १६ टक्के परतावा ग्राह्य धरण्यात आला. अशा व्यवस्थेत किंमत म्हणजे मान्य झालेला खर्च अधिक मान्य झालेला परतावा. मजुरीवाढ एकदा खर्चाच्या तक्त्यात मान्य झाली की ती, विलंबाने का होईना, ग्राहकाकडे पुढे सरकते. परंतु तेथेही एक गुंतागुंत होती. त्या काळी फियाटसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे आणि हाती आलेली गाडी पुन्हा विकल्यास अधिकृत किमतीहून अधिक रक्कम मिळे. म्हणजे ग्राहक प्रत्यक्षात जी किंमत मोजण्यास तयार होता ती मान्य किमतीच्या वरच होती. अधिकृत किंमत चढली तरी बाजारातील किंमत तेवढी चढेलच असे नाही. मधल्या माणसाचा लाभ तेवढा आक्रसेल.

दोन्ही दाखल्यांत मजुरीवाढीचा मार्ग निराळा आहे. ऊसतोडीत तो या दोहोंहूनही वेगळा तिसरा मार्ग धरतो.

२. कोयता, मुकादम आणि करार

ऊसतोडीतील श्रमाचे एकक म्हणजे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे बहुधा पतिपत्नीची जोडी : एकाने ऊस तोडावा, दुसऱ्याने मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत न्याव्यात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि तोडलेल्या टनामागील मजुरीतून ती फेडली जाते. टोळी जमविण्याबद्दल मुकादमास मजुरीवर ठराविक टक्के कमिशन मिळते.

टनामागील दर सामुदायिक वाटाघाटीने ठरतो. एका बाजूस ऊसतोड व वाहतूक कामगारांच्या संघटना आणि दुसऱ्या बाजूस साखर कारखान्यांचा राज्य संघ, असे वाटाघाटीचे स्वरूप असते. राजकीय नेतृत्व बहुधा लवादाच्या भूमिकेत असते. हंगाम तोंडावर आला असता तोडणी बंद ठेवणे हे कामगारांचे प्रमुख साधन होय. उभा ऊस वेळेवर तुटला नाही तर त्याचे वजन व साखर उतारा दोन्ही घटतात, म्हणून या साधनास धार येते.

अलीकडील दोन करार येथे विचारात घ्यावयाचे आहेत. २७ ऑक्टोबर २०२० रोजी पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये झालेल्या बैठकीत मजुरीत सरासरी १४ टक्के वाढ ठरली. तिची मुदत संपल्यावर २०२३-२४ चा हंगाम सुरू होऊन दोन महिने लोटले, तेव्हा ४ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली. तोडणीचा दर टनामागे सुमारे २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. हाही करार तीन हंगामांसाठी होता.

३. एकशे चौदा रुपयांचा हिशेब

चौतीस टक्के हा आकडा ऐकताच साखर भडकणार अशी कल्पना होणे स्वाभाविक आहे. म्हणून हा आकडा टनाच्या व किलोच्या हिशेबात उतरवून पाहणे अगत्याचे आहे.

पूर्वीची मजुरी २७३ रुपये व तीवरील १९ टक्के कमिशन सुमारे ५२ रुपये, असे मिळून ३२५ रुपये होतात. नवी मजुरी ३६६ रुपये व तीवरील २० टक्के कमिशन सुमारे ७३ रुपये, असे मिळून ४३९ रुपये होतात. म्हणजे कारखान्याच्या तोडणीखर्चात टनामागे सुमारे ११४ रुपयांची भर पडली. केंद्र सरकारने त्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरविताना १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरला होता. त्या उताऱ्याने एका टनातून १०२.५ किलो साखर निघते. यावरून किलोमागे भर पडते ती सुमारे १ रुपया ११ पैशांची. बगॅस व मळी यांच्या उत्पन्नाकडे खर्चाचा काही भाग वर्ग केल्यास ती याहूनही कमी भरेल.

साखरेचा किमान विक्री दर जून २०१८ मध्ये किलोस २९ रुपये ठरला, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रुपये झाला, आणि वर सांगितलेल्या दोन्ही करारांच्या वेळी तो ३१ रुपयेच होता. या किमान दराशी तुलना केली तर ३४ टक्के मजुरीवाढ म्हणजे साखरेच्या दराच्या सुमारे साडेतीन टक्के. भारतात साखरेचा दरडोई वार्षिक खप सुमारे २० किलो आहे. सर्व भार ग्राहकावर पडला असता तरी माणशी वर्षाला सुमारे २२ रुपयांचा बोजा आला असता.

४. भार शेतकऱ्याकडे का जातो

परंतु हा बोजा ग्राहकावर पडतच नाही, निदान थेट पडत नाही. याचे कारण साखरेच्या किंमतव्यवस्थेत आहे. खुल्या बाजारातील साखरेचा दर देशातील एकूण उत्पादन, शिल्लक साठा, निर्यातीस मिळणारी परवानगी आणि जून २०१८ पासून केंद्र सरकार कारखान्यांना ठरवून देत आलेला मासिक विक्री कोटा यांवर अवलंबून असतो. महाराष्ट्रात तोडणीचा दर वाढला म्हणून उत्तर प्रदेशातील साखर महाग होत नाही. आणि ती महाग झाल्याखेरीज महाराष्ट्रातील कारखानदारास एकट्याने दर चढविता येत नाही. पुढे सरकण्याची वाट अशी बंद असते.

मागे सरकण्याची वाट मात्र मोकळी आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये २००९ साली दुरुस्ती होऊन किमान वैधानिक दराच्या जागी एफआरपी आला. हा दर कारखान्याच्या दारात पोहोचलेल्या उसाचा आहे. उत्तर प्रदेशात शेतकरी स्वतः ऊस तोडवून कारखान्याच्या दारात किंवा खरेदी केंद्रावर आणतो. तेथे तोडणीची मजुरी तोच उघडपणे देतो. महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीची व्यवस्था कारखाना करतो, त्यासाठी मुकादमाशी करार करतो, पैसे देतो, आणि तो सर्व खर्च शेतकऱ्याच्या देयकातून वजा करतो. बहुतेक ठिकाणी संपूर्ण कारखान्याचा सरासरी खर्च काढून तो सर्वांच्या देयकात सारखा कापला जातो. त्यामुळे दरवाढीची वाटाघाट कारखाना करतो आणि तिची किंमत ऊस उत्पादक चुकवितो, अशी स्थिती निर्माण होते. २०२३-२४ च्या हंगामात एफआरपी टनास ३,१५० रुपये होता. तो करारामुळे एक रुपयानेही बदलला नाही. त्यातून होणारी वजावट मात्र ११४ रुपयांनी वाढली. एकरी ४० टन ऊस धरला तर ही रक्कम एकरामागे सुमारे ४,५६० रुपये होते.

सहकारी कारखान्यात शेतकरी हाच सभासद असल्यामुळे संघ त्याच्याच वतीने वाटाघाट करतो, असा युक्तिवाद केला जातो. तत्त्वतः तो बरोबर आहे. परंतु ज्याच्या हिशेबी खर्च पडत नाही त्याच्या ठिकाणी वाटाघाटीतील दक्षता आणि ज्याच्या हिशेबी पडतो त्याची दक्षता यांत अंतर राहतेच. आणि राज्यात खाजगी कारखान्यांची संख्या वाढल्यापासून हा युक्तिवाद अधिकच दुबळा झाला आहे.

५. भार केव्हा परत फिरतो

तथापि सर्व भार सदैव शेतकऱ्यावरच राहतो, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. तीन प्रसंगी तो अंशतः अन्यत्र वळतो.

पहिला प्रसंग उसासाठी कारखान्यांत स्पर्धा असण्याचा. कोल्हापूर-सांगलीकडे कारखाने जवळजवळ आहेत आणि शेतकरी संघटना तोडणी-वाहतूक वजा जाता हाती पडणाऱ्या पहिल्या उचलीवर भांडतात. तेथे वजावट वाढली की उचलीची मागणीही वाढते आणि वाढीचा काही भाग कारखान्याकडे जातो. मराठवाड्यात याच्या उलट चित्र २०२१-२२ च्या हंगामात दिसले. उसाचे अमाप पीक आल्याने गाळप जून २०२२ पर्यंत लांबले आणि शिल्लक उसासाठी राज्य सरकारला वाहतूक व उतारा घट यांपोटी अनुदान द्यावे लागले. आपला ऊस कोणी तरी न्यावा एवढीच ज्याची विवंचना आहे, तो वजावटीवर वाद घालू शकत नाही. एकाच कराराचा भार म्हणून कोल्हापूरपेक्षा बीडच्या शेतकऱ्यावर अधिक पूर्णतेने पडतो.

दुसरा प्रसंग एफआरपीच्या पुढील फेरआढाव्याचा. हा दर ठरविताना उत्पादनखर्चाचा विचार होतो. २०२४-२५ साठी तो टनास ३,४०० रुपये करण्यात आला. ही वाढ केवळ तोडणीखर्चामुळे झाली असे नव्हे. तरी देशभर चढत गेलेला मजुरीचा खर्च तिच्या कारणांपैकी एक होय. येथे भार शेतकऱ्याकडून कारखान्याकडे सरकतो आणि कारखाना साखरेचा किमान दर वाढवून मागू लागतो. ग्राहकापर्यंत जाण्याची वाट आहे ती ही : लांबची, वळणाची आणि शासनाच्या निर्णयातून जाणारी.

तिसरा प्रसंग यंत्राचा. मजुरी चढली की तोडणी यंत्र तुलनेने परवडू लागते. राज्य सरकारने २०२३ मध्ये ९०० तोडणी यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढ्या अनुदानाची योजना आणली. यंत्र येताच प्रश्न मजुरीच्या दराचा न राहता रोजगाराच्या प्रमाणाचा होतो, आणि भार कोयत्याकडेच परत येतो. परंतु लहान तुकड्यांत, अरुंद सरींत व ओल्या रानात यंत्र चालत नाही. यंत्रतोडीच्या उसात पालापाचोळ्यापोटी वजनात घट धरली जाते. आणि जनावरांसाठीचे वाढे हाती येत नाही. म्हणून ही पर्यायव्यवस्था अद्याप मर्यादित आहे.

६. वाढीपैकी कामगाराच्या हाती काय पडते

आता वाढीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावयाचे. टनामागील ११४ रुपयांपैकी ९३ रुपये कोयत्याचे आणि २१ रुपये मुकादमाचे. म्हणजे शेतकऱ्याकडून गेलेल्या वाढीव रकमेचा जवळजवळ पाचवा हिस्सा मध्यस्थाकडे थांबतो. अर्थात मुकादमही उचल बुडण्याचा धोका पत्करतो, हे विसरता येत नाही.

एका जोडीची दिवसाची तोड दीड ते दोन टन असते. दोन टनांचा दिवस व १२० दिवसांचा हंगाम धरला तर ९३ रुपयांच्या वाढीने हंगामात सुमारे २२,३०० रुपये अधिक पडतात. ही रक्कम बहुधा रोख हाती येत नाही. ती उचलीच्या खात्यात जमा होते. उचल लवकर फिटणे, पुढील हंगामास मोठी उचल मिळणे, किंवा घरी परतताना अंगावर बाकी न राहणे, या रूपाने तिचा लाभ दिसतो. काम बुडालेल्या दिवसाचा ‘खाडा’ कापला जात असेल तर आजारपण व बाळंतपण यांच्या खर्चाने हा लाभ विरून जातो. शिवाय दर तीन वर्षे स्थिर राहत असल्याने मधल्या महागाईने त्याची खरेदीशक्ती घटत जाते. चौतीस टक्क्यांतील बराच भाग वाढ नसून आधीच्या हंगामांत झालेल्या घटीची भरपाई असतो.

फडावर याच्याशी निगडित आणखी एक प्रथा आहे. ऊस लवकर तुटावा म्हणून शेतकरी टोळीस ‘खुशाली’ आणि वाहनचालकास ‘एन्ट्री’ देतो. करारात न बसणारी ही रक्कम हिशेबात कोठेच दिसत नाही. कराराचा दर अपुरा असला की ती वाढते. दर पुरेसा झाला तर ती आपोआप नाहीशी होतेच असे मात्र नाही. म्हणून केवळ कराराच्या आकड्यावरून शेतकऱ्यावरील भार मोजणे अपुरे ठरते.

७. निष्कर्ष

तीन आकडे शेजारी ठेवले असता प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. जानेवारी २०२४ च्या वाढीचा संपूर्ण भार ग्राहकावर पडता तर त्याला वर्षाला माणशी सुमारे २२ रुपये लागते. तोच भार शेतकऱ्यावर पडल्यास एकरामागे सुमारे साडेचार हजार रुपये होतात. आणि कोयत्याच्या बाजूने हीच वाढ हंगामास सुमारे २२ हजारांची आहे. जो भार असंख्यांत विभागला असता जाणवलाही नसता, तो वजावटीच्या सोयीमुळे ज्यांची कमाई स्वतःच अनिश्चित आहे अशा एका गटावर एकवटतो. ऊसतोड कामगार व ऊस उत्पादक यांच्यातील तेढीचे मूळ मजुरीच्या आकारात नाही, ते या रचनेत आहे.

यावरून धोरणाच्या दृष्टीने दोन गोष्टी सुचतात. तोडणी, वाहतूक व कमिशन यांचा हिशेब शेतकऱ्याच्या देयकावर स्वतंत्र रकान्यांत दाखविला जावा. कारण एकत्रित सरासरी वजावटीत मजुरीवाढीच्या नावाखाली इतर खर्चही सामावून जाऊ शकतो. आणि मजुरीकराराची मुदत व एफआरपीचा फेरआढावा यांची सांगड घातली जावी, म्हणजे मध्यंतरीचा सर्व भार एकाच पक्षावर राहणार नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊस दर विनियमन अधिनियमाने साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा शेतकऱ्यास देण्याचे सूत्र स्वीकारले आहे. उत्पन्नाच्या वाटणीचे तत्त्व एकदा मान्य केल्यावर तोडणीखर्चाच्या वाटणीचा प्रश्न त्यातून अलग ठेवणे तर्कास धरून नाही.

मोटारीचा कारखाना असो वा उसाचा फड असो, मजुरीवाढीने किंमत किती चढेल हा प्रश्न विचारण्यापूर्वी त्या व्यवसायात किंमत कोण ठरवितो आणि देयकातून वजावट कोण करतो, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळाली की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी हाती आलेले असते.